छप्पन्न भागिले आठ

तिसरीतल्या माझ्या लेकीनं परवा माझं डोकंच उठवलं. सोमवारी शाळेत भागाकाराची तोंडी परीक्षा होती आणि जमणार नाही त्यांना रोज तासभर दुसरीच्या वर्गात बसवणार होते. तिनं त्याची एवढी धास्ती घेतली, की दोन दिवस धड जेवली नव्हती.

पाढे तिला तोंडपाठ. मी म्हटलं, मग भागाकार वेगळा शिकायचाच नाही. छप्पन्न भागिले आठ म्हणजे आठ किती वेळा घेतले की छप्पन्न होतात, एवढंच विचारतात. तिनं मान डोलावली, आठ साते छप्पन्न म्हणाली आणि वहीत उत्तर लिहिलं, सहा.

अगं बाई, आत्ता तोंडानं काय म्हणालीस? आठ साते छप्पन्न. मग उत्तर? सहा. बेचाळीस भागिले सहा, तेही सहा. सत्तावीस भागिले तीन, आठ. शेवटी शेंगदाणे आणून मांडले. तिनं आठ-आठचे सात ढीग बरोबर घातले आणि उत्तर परत सहाच. माझा पारा चढला. तेवढ्यात शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या. त्यांच्यासमोर मी कपाळावर हात मारला, म्हटलं, हिच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय. अक्का हसल्या, विरजण घेऊन गेल्या.

वळून बघते तर सहा ढीग एका रांगेत आणि एक बाजूला सारलेला. हा कशाला काढलास, मी खेकसले.

"तो लाभाचा. आबा म्हणतात, पहिलं माप लाभनं शे, ते मोजानं नही. वाटायचं म्हटलं की पहिला बाजूला काढायचा ना?"

आबा म्हणजे माझे वडील. एरंडोलकडच्या आमच्या गावी ज्वारी मोजताना ते पहिलं माप 'लाभ' म्हणून दारी येणाऱ्यांसाठी वेगळं ठेवतात आणि मोजणी त्याच्या पुढून धरतात. सुट्टीत ही त्यांच्याजवळ बसायची. लहानपणी मीही बसायचे. मला कळायला हवं होतं, आणि मी मेली तासभर तिच्यावर ओरडत होते.

शाळेच्या भागाकारात लाभ काढत नाहीत, सगळे ढीग मोजायचे, असं तिला सांगितलं. पाच मिनिटांत तिनं पानभर उत्तरं बरोबर लिहिली. मी म्हटलं, झालं, आता सोमवारी कशाला घाबरायचं?

"शाळेत नाही घाबरणार," ती म्हणाली. "पण माझ्या डोक्यात भुसा नाही, हे अक्कांना कोण सांगणार?"