विंदालूवर तर्री

नागपुरातल्या नंदनवन वस्तीतून उमरेड रोडवरच्या त्या रिसॉर्टवर सगळं घर नेलं ते माझ्या हट्टानं, कारण तिथं पोर्तुगीज जेवण मिळत होतं. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मांसाचं विंदालू आलं. त्याचा आंबूस वास येताच मोठ्या दिरांनी नाक मुरडलं आणि वेटरला म्हणाले, "हे तं आंबलं गा! तर्री आण." त्यानंही लगेच सावजी मटणाची तर्री आणून सगळ्यांच्या ताटांत ओतली. मग काय, बोटं चाटणं, ढेकर देणं, हनुवटीवरून ओघळणारं लाल तेल! पोरांनी तर कस्टर्डचे गोड टार्टसुद्धा त्यात बुचकळून खाल्ले. मला शिसारी आली. परतताना गाडीत सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "पोर्तुगीज लोकं बी आपल्यावानीच खातेत वं! मंग आमाले एवढ्या दूर काहून आणलं?"