पासिंगचा उतार

पिंजाऱ्यांच्या घराण्यात जन्मून कापसाला हात न लावता पोट भरणारा शकील पहिलाच. नंदुरबारात त्याच्या बापाची पिंजण दिवसभर घुमायची. घरात, भांड्यांत, भाकरीवर कापसाचा भुगा बसलेला असायचा आणि त्या भुग्यानंच बापाची छाती धरली. बाप खोकत खोकत गेला तेव्हा शकीलनं पिंजण खुंटीला टांगली आणि एका मालट्रकवर क्लीनर म्हणून चढला. दोनेक वर्षांत डायवर झाला. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेले ट्रक तेव्हा खानदेशात जागोजाग दिसायचे. कुणाचं स्टिअरिंग भलत्या बाजूला, कुणाला दार नाही, तर कुणाचा हॉर्न मुका. असली अडेल जनावरं शकीलच्या हाताखाली नरम यायची. बायको जाहेदा थट्टेनं म्हणायची, "मोटर तुम्हारी सुनती, मैं नहीं सुनती."

पन्नास सालानंतर सातपुड्यात धडगावच्या बाजूला घाटाच्या रस्त्यांची कामं निघाली. खडी, चुना, मजूर सगळं ट्रकांतून वर जायचं. एका पावसाळ्याआधी मजुरांनी भरलेला एक ट्रक उतारावर ब्रेक सुटून दरीत गेला. वर्तमानपत्रात बातमी आली, मुंबईत कुणीतरी प्रश्न विचारला आणि खात्यानं नवा नियम काढला. सरकारी कामावर लागणारी प्रत्येक खाजगी गाडी आधी पुऱ्या वजनानिशी उतारावरून सोडून बघायची. ठरल्या जागी ब्रेक मारायचा. चुन्याच्या रेघेच्या आत थांबली तर पास, नाहीतर परत. लोक त्याला 'पासिंग' म्हणू लागले.

आता खात्याकडे ना वजनाची पोती, ना ती चढवायला माणसं, ना डायवर. म्हणून पासिंगचंच टेंडर निघालं, आणि ते मिळालं शांतीलालशेठला. शेठ तापीकाठचा गुजर, केळीचा आणि कापसाचा मोठा शेतकरी. त्याचा मेहुणा रतिलाल. घाटात चालणारे निम्मेअधिक ट्रक या रतिलालचे. मेहुण्याच्या गाड्या दाजीनं तपासायच्या! चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या, असं लोक चहाच्या दुकानात बोलले. पण बोलण्यापलीकडे कुणी काही केलं नाही.

शेठनं शकीलला बोलावून घेतलं. "तुन्हासारखा डायवर या मुलखात नही. सरकारनं काम शे. खाकी सदरा भेटी."

खाकी सदऱ्याचं नाव काढलं आणि शकील विरघळला. पिंजाऱ्याच्या पोराला सरकारी कामाचा सदरा! जाहेदानं तो तांब्यात निखारे घालून इस्त्री केला आणि शेजारणींना दिसेल असा दारातल्या दोरीवर टांगला.

पहिलं वर्ष काम नियमानं झालं. घाटाच्या पायथ्याशी एक सरळ उतार होता. डाव्या अंगाला दरड, खाली चुन्याची पांढरी रेघ, रेघेपलीकडं ओढा, बाजूला पळसाच्या सावलीत खात्याच्या साहेबाची खुर्ची. गोमाई नदीतली वाळू भरून आणलेली पोती मजूर फळीवरून ट्रकमध्ये चढवायचे. शकील एकटा गाडीत बसायचा, उतारावर वेग घ्यायचा आणि शेठनं निशाण हलवलं की पेडल दाबायचा. गाडी कळवळून थांबायची. कधी रेघेच्या आत, कधी रेघ ओलांडून. जी ओलांडायची ती परत जायची. रतिलालचेही ट्रक परत गेले. त्या रात्री मेहुण्या-दाजींची वाजली, हे शकीलला दुसऱ्या दिवशी शेठच्या तोंडावरून कळलं.

पुढल्या हंगामात पोती कमी होत गेली. काही फाटली, काही कुणी नेली. वाळू पावसात भिजून दगडासारखी झाली. मजूर कुरकुरायला लागले. मग एका बाजाराच्या दिवशी शेठला डोंगरातून उतरणारी भिल्लांची रांग दिसली. डोक्यावर मोहाची फुलं, चारोळी, डिंकाची गाठोडी. घामानं डबडबलेली माणसं. शेठचे डोळे चमकले.

"पोतां चढाडाले मानसं लागतस," तो शकीलला म्हणाला. "मंग मानसंच बसाडी दे ना! वजन ते वजन."

शकीलला वाटलं शेठ गंमत करतोय. पण शेठनं हाका मारून माणसं गोळा केली, मूठ मूठ फुटाणे आणि गुळाचा खडा हातावर ठेवला, आणि ट्रक माणसांनी भरून टाकला.

"शेठ," शकील हलक्या आवाजात म्हणाला, "पोतं फुटनं ते वाळू सांडस. मानूस फुटना ते?"

"तू शेस ना स्टिअरिंगवर? मंग कसाले फुटी?"

शकीलनं साहेबाकडे पाहिलं. साहेब पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली ती थेट चुन्याच्या रेघेकडे. रेघेवर काय उभं राहतं एवढंच बघायचं त्याचं काम. आत वाळू आहे की माणसं, हे बघ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्या उन्हात तो खुर्चीतून उठला असता का, कोण जाणे.

गाडी सुटली, थांबली. माणसं एकमेकांवर आदळली आणि खदखदून हसली. पुन्हा चढायला धावली. फुकटची मोटार कुणाला नको असते? माणसाला कशाचीही सवय होते. तोही त्यांच्याबरोबर हसायला लागला.

त्यांच्यातलाच आमशा. तोरणमाळाच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा, शकीलच्याच वयाचा, उंच, काटक. पासिंग असलं की तो हटकून यायचा. केबिनच्या मागं पहिल्या जागी उभा राहायचा, टपावर थाप मारायचा आणि ओरडायचा, "हाल, डायवर!" म्हणजे चल, डायवर. त्याची भाषा पावरी, शकीलची अहिराणी, मध्ये दोघांची मोडकीतोडकी. पण जमायचं. आमशा पानात बांधून चारोळी आणायचा. शकील जाहेदानं दिलेली रोटी आणि अंड्याचं कालवण त्याच्यापुढं सरकवायचा. डोंगरात आपण घर बांधतोय, बायको फुलवंताबाई माती तुडवते, असं आमशा हातवारे करून सांगायचा. जाहेदाला हे सगळं ठाऊक होतं. ती एकदाच म्हणाली होती, "वो लोगां मोटर पे नहीं बैठते, तुम पे बैठते हैं." शकीलला ते कौतुक वाटलं.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात रतिलालचा एक ट्रक पासिंगला आला. आधी दोनदा परत गेलेला. आता म्हणे दुरुस्त केला होता. शकीलनं सपाटीवर फिरवून पाहिला. पेडल पायाखाली चिखलासारखं मऊ गेलं. त्यानं दोनतीनदा दाबलं तेव्हा कुठं काहीतरी लागलं.

तो गाडी आणून शेठजवळ उभा राहिला. "येना ब्रेक भरोसाना नही. पहिले रिकामी सोडी दखस. मानसं उतारा."

"रिकामी गाडीनं पासिंग मांडतस का?" शेठ चिडला. "साहेबले धुळे जानं शे. गाडी आजच वर लागनी पाहिजे."

शकील खाली उतरला. सदऱ्याची बटणं सोडली, जणू सदराच काढून देणार. "मी नही चालाडस."

शेठ शांतपणे वळला आणि रतिलालच्या डायवरला हाक मारली. चुनीलाल त्याचं नाव. सपाटीवरचा माणूस, त्या उतारावर कधी गेला नव्हता. तो तंबाखू थुंकून केबिनकडे निघाला. ट्रकमध्ये माणसं आधीच उभी होती. आमशा टपावर थापा मारत होता.

त्या क्षणी शकीलच्या मनात जे आलं, ते तो पुढं जन्मभर स्वतःला सांगत राहिला. चुनीलालला हा उतार माहीत नाही. ब्रेक गेले तर तो घाबरून सरळ खाली जाईल, ओढ्यात. मला निदान डावीकडची दरड माहीत आहे. गाडी तिच्यावर घासून थांबवता येईल. त्यानं चुनीलालला बाजूला सारलं आणि मागं जाऊन ओरडला, "आमशा, उतर! बठ्ठा उतरा!"

आमशा हसला. केबिनकडे बोट दाखवून म्हणाला, "तू शे ना!"

बाकीचेही हसले. कुणीच उतरलं नाही. शेठनं निशाण उचललं. शकील चढला.

गाडीनं उतारावर वेग घेतला, निशाण पडलं आणि पेडल तळापर्यंत गेलं. त्याच्या खाली काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा. चुन्याची रेघ चाकांखालून निघून गेली, साहेबाची खुर्ची बाजूनं निघून गेली. त्यानं गाडी डाव्या दरडीवर घातली. मनात योजली होती तशीच ती घासली, ठिणग्या उडाल्या, वेग तुटला. आणि ती थांबणार असं वाटतं न वाटतं तोच पुढचं चाक दगडावर चढलं आणि ट्रक उलटला.

बहुतेक जण बाहेर फेकले गेले. हात मोडले, डोकी फुटली, पण जगले. ओढ्यात गेली असती तर एकही उरला नसता. पहिल्या जागी उभा असलेला आमशा मात्र टपाखाली सापडला. शकीलचा गुडघा चिरडला होता. तो आमशाला हाका मारत होता आणि वरून धूळ उडत होती.

दवाखान्यात शेठ आला. फळं घेऊन आला. खाटेवर बसला, शकीलच्या पायावरून हात फिरवला.

"पासिंग व्हई गयतं," तो म्हणाला. "गाडीमा पोतांच व्हतीत. गाडी परत येवाले निंघनी तवय त्या लोके आपला मनथीन चढनात. तुले काय माहीत? इतलंच सांग. मी तुले उघडा पडू देवाव नही."

शकीलनं भिंतीकडे तोंड केलं.

चौकशी झाली. साहेबानं सांगितलं, गाडीत वाळूची पोती होती. शेठनंही तेच सांगितलं, आणि लोक मागाहून आपल्या मनानं चढले असंही. डोंगरातल्या दोघातिघांना बोलावलं होतं. ते पावरीत बोलले आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगायला शेठचाच मुनीम उभा होता. मग शकील कुबडीवर उठला. त्यानं सगळं सांगितलं. फुटाणे, गूळ, माणसं, मऊ पेडल, चुनीलाल, सगळं. सांगताना त्याला वाटलं, आता कुणीतरी शेठकडे वळून बघेल.

चौकशी अधिकारी त्याच्याकडेच बघत होता. "पेडल मऊ लागतंय हे तुला ठाऊक होतं?"

"होतं, साहेब."

"ठाऊक असून गाडी सोडलीस?"

"सोडली. पण साहेब, तो चुनीलाल..."

"सोडलीस. बस."

त्याच्या सगळ्या जबाबातलं तेवढंच खरं धरलं गेलं. बाकीचं, स्वतःला वाचवण्यासाठी रचलेलं. लायसन गेलं, वर कोर्टात काही महिन्यांची शिक्षा झाली. आमशाच्या घरच्यांना भरपाई मिळायचा प्रश्नच नव्हता, कारण कागदोपत्री तो आपल्या मनानं गाडीत चढलेला होता.

तुरुंगातून सुटल्यावर शकील घरी आला. जाहेदानं पाणी दिलं, जेवण वाढलं. अख्तरबानो, त्याची मुलगी, त्याला बघून आईच्या मागं लपली. जेवताना जाहेदा एवढंच म्हणाली, "तुम नीचे उतरे थे ना? फिर चढे क्यूं?" त्यानं चुनीलालचं सांगायला सुरुवात केली. तेच वाक्य आता त्याला स्वतःलाच खोटं ऐकू येत होतं.

थंडीत तो आमशाच्या पाड्यावर गेला. पाय ओढत, वाटेत थांबत. घर अर्धवट होतं. एका बाजूची भिंत उभी, दुसरीकडे कुडाचा आडोसा. फुलवंताबाई दाणे निवडत होती. तो कोण हे दिरानं तिला सांगितलं. ती निवडतच राहिली. दिराला अहिराणी येत होती. तो म्हणाला, शेठनं आमशाच्या दिवसकार्याला बोकड आणि लुगडं पाठवलं. मुनीम स्वतः आला होता. डायवर पिऊन होता, असं सांगून गेला.

फुलवंताबाई पहिल्यांदाच काहीतरी बोलली.

"ती इचारस," दीर म्हणाला, "तू पिएल व्हता का?"

"नही," शकील म्हणाला. "अल्लानी कसम. शुद्धीवर व्हतू."

दिरानं ते तिला सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग हळू आवाजात बोलली. दीर अडखळला. सांगू की नको असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"ती म्हनस, पिएल ऱ्हाता ते बरं व्हतं."

ज्या घरातून चारोळी यायची, त्या घरासाठी शकीलनं जाहेदानं दिलेलं गुळाचं गाठोडं आणलं होतं. ते त्यानं पुढं केलं. फुलवंताबाईनं ते हातानं मागं सारलं. रागानं नाही. गुळाची गरज नसावी तसं.

पुढल्या वर्षी पासिंगचं टेंडर पुन्हा शांतीलालशेठलाच मिळालं. अपघातानंतर खात्यानं अट कडक केली होती. डायवर अनुभवी आणि निर्व्यसनी हवा. पोत्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. शेठनं चुनीलालला खाकी सदरा दिला. तो उलटलेला ट्रक रतिलालनं ठोकून सरळ केला, नवा रंग दिला, आणि तो घाटात चालत राहिला. बाजाराच्या दिवशी डोंगरातून माणसं उतरतच होती. फुटाणे त्यांनाही आवडायचे.

शकीलनं बापाची पिंजण खुंटीवरून काढली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, चला, पोरगा शेवटी घराण्यावर गेला. हिवाळ्यात लोक गाद्या-रजया भरायला आणायचे, त्याच्या पायाकडे बघायचे आणि विचारायचे, "काय व्हयनं, शकीलभाई?"

"मोटर उलटनी," तो म्हणायचा.

"नशीब म्हना, वाचनात," ते म्हणायचे. मग रजई कधी मिळेल ते विचारायचे.