थंडर पाम्सबद्दल लोकांना माहीत नसलेल्या गोष्टी

विरारला आमच्या बिल्डिंगमध्ये टँकरचं पाणी येतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो, खरवडला तरी महिन्याभरात पुन्हा हजर. जुन्या बँडभोवती किस्से असेच साचतात. मुद्दाम कोणी घालत नाही. नुसतं वाहत राहिलं की जमतात, आणि काही वर्षांनी लोकांना वाटायला लागतं की नळच पांढरा आहे.

परदेशातल्या म्हाताऱ्या रॉक बँड्सचं आपल्याकडच्या पोरांना सगळं पाठ असतं. कोणी हॉटेलच्या खिडकीतून टीव्ही फेकला, कोणी कोणाची बायको पळवली. पण आपल्या वसईत आईबापांच्या लग्नाआधीपासून इंग्लिश रॉक वाजवणाऱ्या थंडर पाम्सबद्दल विचारा, कोणाला काही सांगता येत नाही. ‘आमच्या लग्नात थंडर पाम्स होते’ एवढं मात्र सगळे सांगतात, आणि तेही असं, की जणू नवरा कोण होता हा दुय्यम मुद्दा.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि दोन वर्षं या बँडमध्ये ड्रम्स वाजवतोय. त्यामुळे आतलं मला माहीत आहे. बँडमधल्या तिन्ही म्हाताऱ्यांना हे लिहिलेलं आवडणार नाही. त्यांना तसंही फारसं काही आवडत नाही.

*

पहिल्यांदा नावाचं घेऊ. बस्त्याव अंकल हे आमचे लीड गिटारिस्ट आणि स्वतःच स्वतःला नेमलेले मालक. ते स्टेजवरून दर वेळी सांगतात की त्यांच्या तरुणपणी गावी, नंदाखालला, वाडीतल्या माडावर वीज पडली, माड जळत उभा राहिला आणि त्या उजेडात त्यांना बँडचं नाव सुचलं. लोक टाळ्या वाजवतात. एका बाईला तर मी डोळे पुसताना पाहिलंय.

खरी गोष्ट अशी की मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या बँडचा जुना ड्रमसेट यांनी उचलला. मोठ्या ड्रमच्या तोंडावर ‘द थंडर पाम्स’ आधीच रंगवलेलं होतं. पुसायला गेलो तर कातडं फाटेल, या भीतीने तसंच ठेवलं. म्हणजे नाव बँडचं नाहीच, ड्रमचं आहे.

हे मला वामनकाकांनी सांगितलं. वामनकाका बेस वाजवतात. निर्मळच्या बाजूला त्यांची केळीची वाडी आहे, बँकेतून रिटायर झालेत, आणि खोटं जमत नाही म्हणून कमी बोलतात. मी विचारलं, मग वीज पडलीच नाही का? ते म्हणाले, “पडली होती. पण ती पंपावर.”

*

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांत माझं नाव एकदाही स्टेजवरून घेतलं गेलेलं नाही.

शेवटच्या गाण्याआधी बस्त्याव अंकल एकेकाची ओळख करून देतात. बेसवर वामन. गायला पास्कू. आणि मग आवाज चढवून, “ऑन ड्रम्स... इनास!” सगळे माझ्याकडे बघतात. मी बाविशीचा. इनास अंकल सत्तरीच्या पुढचे. लोक टाळ्या वाजवतात. एका लग्नात नवऱ्याचा मामा जवळ येऊन म्हणाला होता, “इनास, काय मेंटेन केलंयस रे स्वतःला!”

खरे इनास अंकल नंदाखाललाच राहतात. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं. बँडच्या भाषेत याला ‘इनासची पाठ दुखतेय’ असं म्हणतात. पाठ बरी झाली की तो येणार, तोपर्यंत मी. आणि मी म्हणजे ‘विरार’. तिघेही मला तसंच हाक मारतात. “ए विरार, झांज घट्ट कर.” “विरार, चहा सांग.” गाव सांगितलं की माणूस सांगून झाला, असा यांचा हिशोब.

सुरुवातीला मला वाटायचं, केवढी ही दोस्ती, मित्राचं नाव जपतायत. मग कळलं की तिघांपैकी एकही त्याला भेटायला जात नाही. बस्त्याव अंकलचं घर तर तिथून चालत जाण्याइतकं. तो हात बघायची त्यांची हिंमत नाही. नाव घ्यायला स्टेजवर काही लागत नाही, माईक फक्त चालू असावा लागतो.

*

पास्कू अंकल आमचे गायक. त्यांची एक लकब भलतीच फेमस आहे. एका गाण्यात ते लोकांकडे पाठ करून उभे राहतात आणि पूर्ण गाणं तसंच म्हणतात. गाणं दारू आणि दुसऱ्याच्या बायकोबद्दल आहे. पोरं त्यावर रील बनवतात. खाली लिहितात, ‘काय वेदना आहे यार.’

मी विचारलं, ही स्टाईल कुठून आली? पास्कू अंकल म्हणाले, पहिल्यांदा हे गाणं म्हणायचं होतं तेव्हा पुढच्या रांगेत फादर बसलेले. आणि आदल्याच दिवशी त्यांच्याकडे कन्फेशन करून आलेलो. गाण्यातल्या अर्ध्या गोष्टी त्या कन्फेशनमध्ये होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघून कसं म्हणणार?

मी म्हटलं, पण ते फादर कधीच बदलून गेले असतील.

“गेले ना,” पास्कू अंकल म्हणाले. “नवीन आले.”

*

लोक म्हणतात की थंडर पाम्सचा टेम्पो वेगळा आहे. ओरिजिनल गाण्यापेक्षा जरा सावकाश, जड. एका पोराने तर व्हिडिओ करून याला ‘वसईचा ग्रूव्ह’ असं नाव दिलंय आणि तो समुद्राच्या लाटांवरून आलाय हे समजावून सांगितलंय.

तो वालीवच्या पॉवर प्रेसवरून आलाय. बस्त्याव अंकलच्या भाच्याचं तिथे डब्यांची झाकणं कापायचं युनिट आहे. मागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस. मधे पत्र्याची भिंत. पलीकडे प्रेस खाली येते, धाड, वर जाते, पुन्हा धाड. कितीही वेगात सुरू करा, दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे त्या धाडवर येऊन बसतात. वर्षानुवर्षं हेच.

मी आल्यावर गाणी त्यांच्या मूळ वेगात वाजवायचा प्रयत्न केला. वामनकाका वाजवणं थांबवून म्हणाले, “तू पुढे गेलास.”

मी म्हटलं, काका, तुम्ही मागे आहात.

“मी मशीनबरोबर आहे,” ते म्हणाले.

एकदा युनिटला सुट्टी होती. पूर्ण शांतता. चौघेही तयार, पण कोणी सुरू करेना. शेवटी बस्त्याव अंकलनी भाच्याला फोन करून मशीन चालू करायला बोलावलं. तो बिचारा मुलीचा वाढदिवस सोडून आला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी धाड सुरू झाल्यावर मलाही बरं वाटलं, याचा जास्त राग आला.

*

बँडच्या सगळ्यात मोठ्या गाण्यात, ऐन सोलोच्या मधे, एकदम शांतता येते. सगळी वाद्यं बंद. मग जिथे सोडलं तिथूनच पुन्हा सुरू. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्याच कार्यक्रमाला सगळे थांबले आणि मी एकटा वाजवत राहिलो. मांडवभर लोक माझ्याकडे बघतायत, मला वाटलं सोलो दिलाय, मी आणखी जोरात! संपल्यावर बस्त्याव अंकल माईकवरच म्हणाले, “इनास असं कधी करत नव्हता.” आणि पाच मिनिटांनी माझी ओळख इनास म्हणून करून दिली.

ती शांतता कशी आली ते वामनकाकांनी नंतर सांगितलं. गावच्या सणाला पहिल्यांदा हे गाणं वाजवत होते आणि देवळाची, म्हणजे चर्चची, संध्याकाळची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं काम सोडून प्रार्थना, हा गावचा रिवाज. बस्त्याव थांबले, पास्कू थांबले, इनासने स्टिक्स मांडीवर ठेवल्या. प्रार्थना संपली, आणि लोकांनी काही म्हणायच्या आत इनासने बरोबर तिथूनच उचललं.

मी विचारलं, काका, तुम्ही का थांबलात? तुमची तर ती प्रार्थना नाही.

ते म्हणाले, “आमच्याकडे त्याच वेळेला दिवा लावतात.”

*

एकदा माझे बाबा कार्यक्रमाला आले. आले म्हणजे यावं लागलं. त्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं नालासोपाऱ्याला, आणि तिथे बँड आमचाच निघाला. कॉलेज सोडल्यापासून बाबा सोसायटीत सांगतात की मी ‘साऊंड लाईनमध्ये’ आहे. ते ऐकून वॉचमनने मला एकदा त्याचा रेडिओ दुरुस्तीला दिला होता.

त्या दिवशी मी जीव तोडून वाजवलं. मनात एकच होतं, आज तरी बस्त्याव अंकलनी माझं नाव घ्यावं. आडनावासकट. बाबांच्या ऑफिसच्या सगळ्या लोकांसमोर. ओळख करून द्यायची वेळ आली. “ऑन ड्रम्स... इनास!”

घरी जाताना रिक्षात बाबांनी आधी भाड्याचे सुट्टे पैसे मोजले. मग म्हणाले, “तुझं नाव घेतलं नाही ते एक बरं झालं. सोसायटीचे सेक्रेटरी पण होते तिथे.”

दुसऱ्या दिवशी मी वालीवला जाऊन सरळ सांगून टाकलं. नंदाखालच्या सणाला माझं नाव घ्यायचं, नाहीतर मी स्टिक्स ठेवून स्टेजवरून उतरणार. तुम्ही मित्राला जपत नाही, तुम्ही त्याला भेटायला घाबरता, आणि त्याचं बिल माझ्यावर फाडता. पलीकडे प्रेस चालू होती, त्यामुळे हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं.

पास्कू अंकल भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वामनकाका बेसची तार पुसत बसले. बस्त्याव अंकलनी मला त्यांच्या घरच्या बोलीत एक शिवी दिली, जी मला आता समजते. मग म्हणाले, “बरं. घेतो.”

*

नंदाखालचा सण. देवळासमोरच्या मैदानात मांडव, अख्खं गाव खुर्च्यांवर. मी मागे ड्रम्स लावत होतो, तेव्हा एक म्हातारा हळूहळू पायऱ्या चढून वर आला. इस्त्रीचा कोट, उजवा हात खिशात. मी कधी भेटलो नव्हतो, पण ओळखायला वेळ लागला नाही. ते स्नेअर ड्रमपाशी वाकले आणि डाव्या हाताने एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला. बोटाने टक केलं. दोन वर्षं मला छळणारा एक बारीक खरखराट त्या टकमध्ये नव्हता.

“तू जोरात वाजवतोस,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही कुठे ऐकलंत?

वाडीत, म्हणाले. इथे कुठेही लग्न असलं की स्पीकरचा आवाज केळीतून घरापर्यंत येतो. बायकोसोबत ओट्यावर बसतो आणि ऐकतो. शेवटच्या गाण्याआधी नाव पुकारेपर्यंत ती आत जाऊ देत नाही.

“शेजारचे दुसऱ्या दिवशी विचारतात, इनास, काल तूच ना?” ते म्हणाले. “मी हो म्हणतो.”

मग त्यांनी खाली बघितलं. पहिल्या रांगेत एक आजी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. शेजारची खुर्ची तिने हात ठेवून राखली होती. इनास अंकल तितक्याच हळू पायऱ्या उतरले आणि जाऊन बसले. बस्त्याव अंकल तोपर्यंत स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गिटारची वायर सोडवत होते. ती वायर अजिबात गुंतलेली नव्हती.

कार्यक्रम चांगला झाला. शेवटच्या गाण्याआधी बस्त्याव अंकल माईकपाशी आले. बेसवर वामन. टाळ्या. गायला पास्कू. टाळ्या, शिट्ट्या. मग, “ऑन ड्रम्स...”

आणि थांबले. पहिल्या रांगेकडे बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर घामच घाम. माईक तोंडाशीच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या मैदानाने ऐकलं.

“ए विरार,” ते म्हणाले, “तुझं नाव काय रे?”

मैदान हसायला लागलं. लहान पोरं, बायका, फादर, सगळे. दोन वर्षं एका पत्र्याच्या खोलीत बरोबर वाजवलेला माणूस मला हे विचारत होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. माझं नाव आडनावासकट जिभेवर तयार होतं. मी झांजेवरचा माईक ओढून तोंडाशी आणला.

“इनास,” मी म्हटलं, आणि स्टिक्स आपटून शेवटच्या गाण्याचा काउंट दिला.