लाल दोऱ्याचा चष्मा

नागपुरात महाल भागातल्या त्या छापखान्यात बाइंडिंग खात्यासाठी वेगळी घंटा नव्हती. बायजाबाई सोनकुसरे चष्मा पदरानं पुसून नाकावर चढवायच्या आणि काम सुरू व्हायचं. चष्म्याची एक काडी मोडली होती. ती त्यांनी वह्या शिवायच्या लाल दोऱ्यानं बांधून घेतली होती. दोरा पक्का होता, म्हणून नव्या काडीचं नाव त्या काढत नव्हत्या.

बायजाबाई उमरेडच्या विणकरांच्या घरच्या, आणि तांडापेठेतलं सासरही हातमागाचंच. अशा घरात बाई मागावर बसली नाही तरी तिला काम सुटत नाही. सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, मध्येच चुलीकडे पाहून यायचं, की पुन्हा चरख्यापाशी. पातळ विकलं की पैसे नवऱ्याच्या हातात पडत. कांड्या भरणारीला कोणी विचारत नसे. पुढे माग बंद पडला, नवराही गेला, आणि छापखान्याच्या थोरल्या मालकांनी त्यांना छापील कागदांच्या घड्या घालायला ठेवून घेतलं. पहिल्या शनिवारी स्वतःच्या हातावर पगार पडला तेव्हा त्या पैशांकडे कमी आणि हातांकडेच जास्त पाहत घरी आल्या होत्या.

ठरल्या वेळी यायचं, ठरल्या वेळी जायचं आणि शनिवारी पैसे घ्यायचे. माणसानं कामाकडून याहून जास्त काही मागावं हे त्यांच्या डोक्यात शिरत नसे. दिवाळीला थोरले मालक मूठभर बत्तासे वाटत. तेही बायजाबाई घरी नेऊन खात, कामाच्या जागी नाही.

थोरले मालक गेले आणि त्यांचे चिरंजीव मनोहरराव गादीवर आले. ते पुण्याला छपाई शिकून आलेले. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांनी, एव्हाना खात्याच्या मुकादम झालेल्या बायजाबाईंना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. बायजाबाई उभ्याच राहिल्या.

"बायजाबाई, लोकांचं मन लागलं पाहिजे कामात," मनोहरराव म्हणाले. "एक रेडिओ लावू म्हणतो. वर्षातून एकदा सगळ्यांना रामटेकला नेऊ. आणि मारबतीच्या दिवशी अर्धी सुट्टी, भरपगारी. छपाईवाले तयार आहेत. तुमच्या खात्याचं तुम्ही ठरवा."

"माह्या खात्यात नको, मालक," बायजाबाई म्हणाल्या. "पगार वेळेवर देता, तेवढं पुरे आहे."

ही बातमी त्यांच्या आधी खात्यात पोचली. मॅट्रिक झालेली प्रेमिला घड्या घालायला त्यांच्या शेजारीच बसायची. तिनं तोंड उघडलं. "मावशी, रेडिओले काहून नाही म्हटलं तुम्ही?"

"इथं रेडिओ ऐकाले येता का घड्या घालाले?"

"गाणं कानानं ऐकतेत, मावशी. घडी हातानं घालतेत."

"अन् हसनं?"

"ते तोंडानं."

सगळ्या बाया हसल्या. बायजाबाईंनी घडी दाबायची लाकडी पट्टी उचलली आणि एकेकीच्या हाताकडे दाखवली. "पाहा. थांबले ना हात?"

कटिंग मशीनवरचा रुपराव लांबून ऐकत होता. पायघोळ पँट आणि कानावरून उतरलेले केस, असं त्याचं ध्यान. तो म्हणाला, "मावशीच्या वेळी चहा पण नव्हता म्हणतेत. मंग चहा पण बंद करा ना. पंखा पण. घाम आला की मन चांगलं लागते."

"तुह्यं मन पँटीच्या घेरात अडकून राहिलं, रुपराव. घेर मशीनीत नको जाऊ देऊ, म्हणजे झालं," बायजाबाई म्हणाल्या. या वेळी हसणं रुपरावावर होतं, आणि हात कोणाचेच थांबले नव्हते.

पण त्या दिवसापासून खात्यात एक कुजबुज राहायला आली. बायजाबाई जवळ आल्या की ती बंद व्हायची.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात, आणि त्यांच्या मागे निघतात बडगे. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा पुतळा. त्या वर्षी लोकांना ज्याचा म्हणून ताप झाला असेल त्याचा बडग्या करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, वाजतगाजत शहरभर फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. महागाईचा निघतो, भेसळीचा निघतो, एखाद्या खडूस माणसाचाही निघतो. लहानपणी मामाकडे आलेल्या बायजाबाईंनी एका सावकाराचा बडग्या पाहिला होता आणि पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या. तो सावकार वरच्या खिडकीत उभा होता. तो चेहरा त्यांच्या अजून लक्षात होता.

पोळा चार दिवसांवर आला असताना त्या पुठ्ठा आणायला मागच्या गोदामात गेल्या. रद्दीच्या गठ्ठ्यांआड काहीतरी उभं होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर चिकटवलेला कागद, कागदावर हिरवं पातळ रंगवलेलं. हातात लाकडी पट्टी. आणि नाकावर तारेचा चष्मा, त्याच्या एका काडीला लाल दोरा.

बायजाबाई गठ्ठ्यावर बसल्या. चष्मा काढला, पाहिला, परत लावला.

इतवारीत त्यांच्या सुनेचं माहेर होतं. मिरवणूक त्यांच्या ओट्यासमोरूनच जायची. सगळी सोयरे मंडळी दरवर्षी तिथं बसत. आता त्यांच्यासमोरून आपण वाजतगाजत जाणार, आणि पोरं ओरडणार, "इडा पीडा घेऊन जाय गे मारबत." आयुष्यभर इज्जतीनं काम केलं, त्याचा शेवट असा शहरभर फिरून जळण्यात.

पुठ्ठा न घेताच त्या थेट मनोहररावांच्या केबिनशी गेल्या. एक शब्द बोलायचा अवकाश होता. गोदाम रिकामं झालं असतं, रुपरावची नोकरीही गेली असती.

"काय बायजाबाई?" मनोहररावांनी वर पाहिलं.

त्यांना वरच्या खिडकीतला सावकार आठवला. त्यानंही शिपाई पाठवून बडग्या अडवायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे लोक दुप्पट हसले होते.

"मारबतीच्या दिवशी सुट्टी पाहिजे," त्या म्हणाल्या. "बिनपगारी."

मनोहररावांचं पेन हातातच राहिलं. "तुम्हाला?"

"खात्यातल्या सगळ्यांनीच टाकली आहे. मी एकटी कोनाले घड्या घालून दाखवू?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बायजाबाईंनी आपलं नेहमीचं हिरवं पातळ मुद्दाम नेसलं नाही. सुनेच्या माहेरच्या ओट्यावरही बसल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला, गर्दीत, पण पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. दिसायचं तर तोंडासमोर दिसू दे, मागून ऐकायला नको, असं त्यांनी ठरवलं होतं. काळी मारबत गेली, पिवळी गेली. ताशांनी कान बधिर झाले. मग बडगे सुरू झाले. मागून डुलत डुलत छापखान्याचा बडग्या आला. रुपराव पुढे नाचत होता आणि पँटीचा घेर सगळा चिखलानं भरला होता.

हिरवं पातळ तेच होतं. बायजाबाईंनी पदर घट्ट धरला आणि हाताकडे पाहिलं. हातात पट्टी नव्हती. घासलेटचा डबा होता, उलटा. पोटावर पाटी होती, "लाईन सरकेना, घासलेट मिळेना." चष्मा होता. काडीला लाल दोरा मात्र नव्हता.

त्यांनी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हता.

छातीवरून गठ्ठा उतरावा तसा त्यांचा श्वास सुटला, आणि श्वासामागून हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. शेजारच्या अनोळखी बाईनं त्यांचा दंड धरला.

प्रेमिला गर्दीतून धावत आली. "मावशी, तुम्ही? इथं?"

"पट्टी कुठं गेली वं बडग्याची?" बायजाबाईंनी पदरानं डोळे पुसत विचारलं.

प्रेमिलाचा चेहरा पडला. रुपरावही नाचायचा थांबला आणि केस मागे सारत जवळ आला. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"आधी तुमचाच काढला होता, मावशी," तो म्हणाला. "मंग ही आडवी आली."

"म्या एवढंच म्हटलं," प्रेमिला म्हणाली, "का बडग्या शेवटी जाळा लागते. मावशीले जाळलं तर दुसऱ्या दिवशी खळ कोन शिजवन? यानं शिजवलेल्या खळीनं पाकीट तरी चिकटते का? मंग सगळ्यायनं ऐकलं. दोरा म्याच काढला, मावशी."

"अन् चष्मा काहून ठेवला?"

"लाईनीत उभं राहून राहून डोळे गेले, असं दाखवाले," रुपराव म्हणाला. "अन् चष्मा मस्त जमला होता. मोडाचं जिवावर आलं."

नाईक तलावापर्यंत बायजाबाई पोरांच्या मागे चालत गेल्या. घासलेटची लाईन जळाली तेव्हा बाकीच्यांबरोबर त्याही "घेऊन जाय" म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण प्रेमिलानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनोहररावांना सांगितलं, की रेडिओ लावायचा तर चहानंतर लावा, तेव्हा हात जड होतात. गाणी चालतील. बातम्या नको, बातम्या लागल्या की ही पोरं वाद घालतात. मनोहररावांनी रामटेकचं विचारलं. "ते पाहू," त्या म्हणाल्या. त्या हिवाळ्यात रामटेकला गेल्या, आणि बसमधल्या गाण्यांच्या भेंड्यांत मात्र शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी मारबतीची सुट्टी भरपगारी मिळाली. पोळ्याच्या आधी कामाची वेळ संपली की गोदामात बांबू बांधणं सुरू व्हायचं. एका संध्याकाळी बायजाबाई घरी न जाता खळीचं पातेलं घेऊन तिथं आल्या आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर बसल्या. या खेपेला कोणाचा बडग्या आहे, हे त्यांनी विचारलं नाही. फक्त त्याच्या कागदी पातळाच्या निऱ्यांकडे चष्म्यातून पाहत राहिल्या.

"जाळाचं असलं म्हणून काय झालं," त्या रुपरावाला म्हणाल्या, "घडी वाकडी आहे गा तुह्यी. सोड, अन् पुन्हा घाल."