साचे आधीच गेले होते

खालापूरच्या एका शेडमध्ये टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम बनायचे. कामगार त्याला नुसतं 'डबा' म्हणायचे. माझी आत्या शेवटच्या टेबलावर होती. प्रत्येक डब्यातल्या गेमचा पहिला टप्पा खेळून बटणं तपासायची आणि डबा पुढे सरकवायची. दुसऱ्या टप्प्यात काय असतं, ते तिला कधी बघायला मिळालं नाही. "पुढं मोठा राक्षेस हाय म्हणत्यात," ती हसून सांगायची.

मोबाइलने डब्याचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा मालकांनी सभा घेतली. फळ्यावर तीन पर्याय लिहिले. डबा स्वस्त करून खेडोपाडी विकायचा, दुसऱ्या कंपन्यांचे डबे जोडून द्यायचे, नाहीतर डबा बंद करून गेम फक्त मोबाइलवर न्यायचे. म्हणाले, "तुम्हीच सांगा, कंपनी तुमचीच आहे." मी संघटनेची पत्रकं लिहितो. असली वाक्यं मला पाठ आहेत. तरी त्या दिवशी मला ते खरं वाटलं.

कर्जतपासून पळसदरीपर्यंत घरोघर फिरलो. पहिले दोन पर्याय एकत्र करा, शेड चालू ठेवा, असं पत्रक काढलं आणि सोबत वेगळ्या पानावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"आधी वाच तरी, आत्या."

"तू लिवलंयस ना रं? मग वाचायचं कशाला!"

पत्रक द्यायला गेलो, तर गेटवर टेंपो भरत होता. ताडपत्रीखाली लोखंडी साचे होते. त्यांतच प्लास्टिक ओतून डबा घडायचा. साचे गेले की डबा गेला. वॉचमन म्हणाला, "भाऊ, ह्यांचा सौदा सभेच्या आधीच झालाय. तुमाला नाय म्हाईत?"

मालकांनी पत्रक हसत घेतलं, वर चहाही पाजला. मग गेटवर नोटीस लागली: 'कामगारांशी विचारविनिमय करून उत्पादन बंद करण्यात येत आहे.' सोबत आमच्याच सह्यांचं पान. आम्ही काय म्हणालो होतो, त्याचा एक शब्दही नाही. त्यांना आमचं मत नकोच होतं, विचारल्याचा पुरावा हवा होता.

आत्या म्हणाली, "जेवून हात धुऊन झाल्याव इचारत्यात, भाजी कंची करू? आन् तू धावत गेलास सांगाया, वांग्याची करा!"

मी चिडून दुसरं पत्रक लिहिलं. तोवर ती पळसदरीच्या एका रिसॉर्टवर चादरी धुवायला लागली होती. ओले हात पदराला पुसून तिने एकेक ओळ बोटाने वाचली, अगदी शेवटपर्यंत.

"बरं लिवलंयस," ती म्हणाली. "सही मातर नाय करनार."