आबांचं 'हाय' आणि माझं 'नको'

माझ्या वडलांना जपानी येत नव्हतं. हे मी आधीच सांगून मोकळा होतो, कारण खालापूर तालुक्यात ते मानायला आजही कुणी तयार नाही. उलट लोक मलाच वेड्यात काढतात. "मास्तर, तुमचा आबा जपान्यांशी गप्पा मारून आला, आन् तुमी म्हणं तितं मांजर शोधत होता!" (साफ खोटं! मांजर मी शोधत नव्हतो. जपानी शोधत होते. आता सगळं सांगतोच.)

मी कर्जतच्या एका शाळेत मराठीचा मास्तर. पोरांच्या तोंडातलं 'हाय' काढून तिथे 'आहे' बसवायचं आणि 'नाय'चं 'नाही' करायचं, यात माझी हयात गेली. मला त्याची लाज नाही. आजही कुणी माझ्यासमोर 'च्या' म्हणालं, तर मी आधी 'चहा' म्हणायला लावतो आणि मगच पाजतो.

आबा, म्हणजे माझे वडील, लोधिवलीकडचे भातशेतीवाले. पन्नासच्या दशकात सरकारी माणसं गावोगाव जपानी पद्धतीची लावणी शिकवत फिरायची. दोरी धरायची, ओळीत लावायचं, एका जागी चार काड्याच रोवायच्या. सगळं गाव हसलं आणि एकट्या आबांनी तशी लावणी केली. तेव्हापासून जपान म्हणजे जणू त्यांची सासुरवाडीच! पुढे ऐंशी सालच्या आसपास त्यांनी खोपोलीच्या एजंटाकडून पॉवर टिलर घेतला. कंपनीने गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बक्षीस काय, तर दोघांना आठ दिवस जपान! चिठ्ठी निघाली आबांची.

आईने विमानाला लांबूनच हात जोडले. "मास्तरला ने. तेला विंग्रजी येतंय." (हा आईचा गैरसमज होता, पण तो दूर करण्याची ती वेळ नव्हती.)

पासपोर्ट हातात पडल्या दिवसापासून मी ओटीवर आबांचा वर्ग सुरू केला.

"आबा, तिथे हाय-नाय चालायचं नाही. परदेशात आपण महाराष्ट्राचे प्रतिनिधी! म्हणा, 'चहा आहे का?'"

"तितं मराठी कळतंय कोनाला?"

"कुणालाच नाही."

"मंग शुद्ध काय नि अशुद्ध काय रं?"

 मास्तराने उत्तर येत नाही म्हणून माघार घ्यायची नसते! मी आवाज चढवला. "मग तुम्ही तिथे बोलूच नका. काय बोलायचं ते मी बोलेन."

 "बरं," आबा म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

ओसाकाला उतरलो, तरी आबा आपले गप्प! केवढाल्या इमारती, रस्त्यावरून रस्ते, त्यावरून आणखी रस्ते. एकही गाडी येत नसताना सिग्नलपाशी शे-दीडशे माणसं मुकाट उभी. एरवी आबांनी "काय रं, रस्त्यावर साप हाय का?" असं मोठ्याने विचारलं असतं. इथे नुसते डोळे मोठे करून बघायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. मला बरं वाटलं. (तेव्हा मी इतका मूर्ख होतो.)

संध्याकाळी एका झकपक हॉटेलात शिरलो. मी त्या काळात मांस-मच्छी सोडली होती. स्टाफरूममध्ये बरं दिसतं म्हणून! खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "नो फिश! नो मीट! ओन्ली राइस!" वाढणारी मुलगी तीनदा वाकली आणि अख्खा मासा घेऊन आली. पाठोपाठ मटण आलं. राइस तेवढा आला नाही. मी बोट नाचवून शुद्ध इंग्रजीत वाद घातला, तशी ती घाबरली आणि आमच्यापुढचं सगळंच उचलून घेऊन गेली! आबांचा हात तेव्हा माशापासून चार बोटांवर होता. विमानातही त्यांनी फारसं खाल्लं नव्हतं. रात्री आईने बांधून दिलेल्या दशम्या पुढे केल्या, त्यांनाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी बॉम्ब फुटावा तसे ते बोलले.

"तीस वरसं तू माज्या तोंडातला शबुद खोडतोयस. लाल शाईनं! पावन्यांम्होरं, सोयऱ्यांम्होरं. मी कदी बोललो नाय. पन आता बास. आजपासनं मी माज्याच बोलीनं मागीन. मिळंल तं खाईन, नायतर आठ दिस उपाशी राहीन. तुज्या तोंडानं मागितलेला घास खायचा नाय!"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, परका मुलुख, पोटात अन्न नाही, आणि हे सगळं माझ्यामुळे! पण माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की मी जास्तच ताठ होतो.

"खुशाल राहा उपाशी! मी काही हाय-नाय करणार नाही!"

आबा तरातरा खाली उतरले आणि मागच्या गल्लीत घुसले. मी मागोमाग. एका दारावर निळा कापडी पडदा होता आणि आतून घमघमाट येत होता. आबांनी नाक वर केलं. "सुकट!" आणि सरळ आत.

आत गोल चेहऱ्याची एक म्हातारी रांधत होती. समोरच्या लांब फळीशी पाचसहा माणसं जेवत बसली होती. आबांनी राम राम घातला आणि एका स्टुलावर ऐसपैस बसले.

"च्या हाय?"

मी डोळे मिटून घेतले. आता शोभा होणार!

"ओच्या?" म्हातारी म्हणाली. "हाय, हाय!" आणि तिने वाफाळता चहा पुढे ठेवला!

मी डोळे उघडले. आबा माझ्याकडे बघत होते.  चहा हिरवा होता, दूध-साखर काही नव्हतं, पण आबांनी तो फुर्रकन संपवला, पेला उपडा करून दाखवला आणि म्हणाले, "नाय!"

"नाय?" म्हातारीने पेल्यात डोकावून पाहिलं. "आ, नाय, नाय!" आणि पुन्हा भरून दिला!

(त्यांच्यात 'ओच्या' म्हणजे चहा, 'हाय' म्हणजे होय आणि 'नाय' म्हणजे नाही, हे मला कंपनीने दिलेल्या गाइडने सांगितलं, पण तो उगवायचाच दुपारी. सकाळी मला वाटत होतं, आपल्याला ताप भरलाय.)

आता आबांना कोण आवरणार! फळीवरच्या काचेच्या पेटीत पदार्थ मांडलेले होते. आबांनी एकावर बोट ठेवलं. "ह्ये काय हाय?" म्हातारी म्हणाली, "हाय!" आणि बशी आली. "आन् ह्यो मासा कंचा हाय?" "हाय!" दुसरी बशी. आबा नुसती चौकशी करत होते. पण प्रत्येक 'हाय'ला म्हातारीला वाटे, हे पण पाहिजे! भात आला. आबांनी तो बोटांनी दाबून बघितला. "गिच्च झालाय. पन हाताला बरा हाय." लगेच भाताचा आणखी एक वाडगा! बश्या सात झाल्या, नऊ झाल्या, अकरावी शेजारच्या माणसापुढे सरकवावी लागली. सगळी माणसं खाणं थांबवून बघायला लागली. कुणीतरी थांबवायला हवं होतं. मी उभा राहिलो आणि वर्गात ओरडतो तसा ओरडलो,

"नको!"

 म्हातारी दचकली. "नेको?"

"नको! नको!"

म्हातारी ओट्यामागून धावत बाहेर आली आणि वाकून फळीखाली बघायला लागली. दोघांनी पाय वर घेतले. एका म्हाताऱ्याने स्टूल सरकवून भिंतीमागे पाहिलं. "नेको? नेको?"

"अहो, नको म्हणतोय मी! नको, नको, नको!"

तशी तर धांदलच उडाली! एकाने दार उघडून धरलं. म्हातारीने सुक्या माशाचा तुकडा माझ्या पायाशी ठेवला, गालांवर बोटांनी मिश्या काढल्या आणि मला अगदी प्रेमाने विचारलं, "म्यांव?"

त्यांच्या भाषेत मांजराला 'नेको' म्हणतात! आणि माझं निर्दोष, व्याकरणशुद्ध 'नको' ऐकून अख्खी खाणावळ मांजर हुडकत होती!

आबांनी तोंडातला घास शांतपणे गिळला, हात आडवा केला आणि हळूच म्हणाले, "नाय." म्हातारी उठली. "नाय? हाय." सगळे पुन्हा जेवायला बसले.

"बस आता. खा," आबा माझ्याकडे एक बशी सरकवत म्हणाले.

"हाय-नायने मिळालेलं अन्न मी खाणार नाही!" (दहा बश्या समोर होत्या. तरी बोललो! हिंमत लागते.)

पुढचे तीन दिवस आबा ओसाका जेवत होते आणि मी आईने दिलेल्या दशम्या मोजत होतो. त्यांना गल्लीगल्लीत लोक ओळखायला लागले. मला फक्त मांजरवाला म्हणून ओळखायचे. (होय, मांजरवाला! झालं तालुक्याचं समाधान?) चौथ्या दिवशी दशम्या संपल्या. दुपारी स्टेशनाजवळ एका खाणावळीपाशी माझे पाय थांबले ते हलेनातच.

आबा म्हणाले, "जा, माग. पन माज्यासारखं माग."

मी आत गेलो. मालक समोरच उभा होता. 'च्या हाय?' एवढंच म्हणायचं होतं. पण तीस वर्षांची सवय आडवी आली. 'च्या' आतच अडकला आणि नुसतं 'हाय' बाहेर पडलं. तेही असं घासूनपुसून, की मालकाचा चेहरा खुलला.

"हॅलो!" तो हात पुढे करून म्हणाला. "वेलकम! अमेरिका?"

माझ्यातला मास्तर तिथेच खचला.

"नाय रं," मी म्हणालो, "कर्जत!"

त्याने 'नाय' बरोबर ओळखलं, खुर्ची पुढे केली आणि न मागता भाताचा वाडगा माझ्यापुढे ठेवला. त्यावर माशाचा तुकडा होता. मी तुटून पडलो. आबा शेजारी येऊन टेकले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"आत्ता कसं शुद्द बोल्लास!"

'शुद्द' नव्हे 'शुद्ध', आणि 'बोल्लास' नव्हे 'बोललास', हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगणार होतो. पण तोंडात भात होता.