रुपयाच्या नोटेची वेल

तळोद्याच्या सोनारगल्लीत पितांबर सोनार बसतो. तुम्ही त्याच्याकडून जोडवी घेतली असतील तर माणूस माहीत असेल, नसतील तर मी सांगतो. मी मगन. तळोद्याहून तापीच्या नावेपर्यंत टांगा हाकतो. शाळा चौथीत सोडली, मास्तरलाही त्याचं काही वाटलं नाही. पितांबरला मी दादा म्हणतो. सख्खा नाही. पण त्याला कोणी वाकडं बोललं तर गाठ माझ्याशी आहे, हे गल्लीला माहीत आहे.

दादाला जुन्या नोटांचा नाद. खर्चायला नाही, बघायला. नावेवरून व्यापारी उतरायचे. एखाद्याच्या बटव्यात मागच्या इंग्रज राजाची नोट दिसली की मी माझं भाडं त्या नोटेत मागून घ्यायचो आणि दादाला आणून द्यायचो. तो हात धुवायचा, नोट उन्हात धरायचा. कागदाच्या पोटात पाण्यासारख्या रेघा दिसायच्या. अडीच रुपयांची नोट होती त्याच्याकडे, राजाच्या डोक्याभोवती आठकोनी चौकट. एक रुपयाची जुनी नोट होती, वहीतून फाडल्यासारखी दातेरी कड असलेली. तिच्यावर रुपयाच्या नाण्याचंच चित्र, आणि भोवतीनं बारीक वेल. ती वेल कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते सापडायचं नाही.

समोरचा कापडवाला मोतीलाल ओरडायचा, "काय पितांबर, राजानी आरती करी ऱ्हायना का?"

दादा मान वर न करता म्हणायचा, "राजा नही दखस मी. राजाना भोवती ज्यानी कोरं, त्याना हात दखस."

दादाची काम करायची एक रीत. नवी नक्षी आधी तांब्याच्या पट्टीवर कोरायची. मग रेघांत काजळ भरायचं, वरचं पुसून घ्यायचं, आणि ओलसर कागद दाबून ठसा घ्यायचा. कागदावर रेघ तुटली दिसली की पट्टी पुन्हा दुरुस्त. दागिन्यावर नंतर. गल्लीत बाकी कोणी एवढं करत नाही. त्या रुपयाच्या नोटेची वेल त्यानं अशीच पट्टीवर उतरवली, आणि मग सुंदरवहिनीच्या डाव्या हातातल्या कड्यावर. कडं लग्नातलं, कोरं होतं. हातातून निघत नव्हतं, म्हणून वहिनी हात पाटावर ठेवून बसायची आणि हा कोरायचा. एक अख्खा उन्हाळा गेला.

"नोटना काठ मन्हा हातवर," वहिनी बायांना दाखवायची. "आते मी मोडाले गई तं सरकार माले सुटे दी."

मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोडेवाल्याला खोटी नोट मिळाली. त्यानंतर फौजदार गावोगाव जे जे सोनार कोरीवकाम करतात त्यांच्याकडे फिरला. दादाच्या पेटीत त्याला ते काजळाचे कागद सापडले. नोटेची वेल, काळी, एकावर एक. खाली जुन्या नोटा.

"हे काय आहे?"

"नक्षी शे साहेब. दागिनानी."

"कुठे आहे दागिना?"

वहिनी तेव्हा माहेरी, म्हसावदला गेलेली. दादानं सांगितलं. फौजदार म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत तो दागिना माझ्यासमोर पाहिजे. नाहीतर याला मी धुळ्याला नेतो." आणि दादाला चावडीत बसवलं. खोट्या नोटांच्या भानगडीत धुळ्याला गेलेला माणूस लवकर परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी घोडी जुंपली. तिला इतकं कधी पळवलं नव्हतं. वहिनीला सांगितलं, तशी ती पिठाचा हात धुऊन टांग्यात बसली. वाटेत एकदाच बोलली.

"जेवना का तो?"

"नही."

"मंग तू बी नही जेवना व्हशीन, गधड्या."

सकाळी आम्ही चावडीत. वहिनीनं हात फौजदाराच्या टेबलावर ठेवला. त्यानं ठशाचा कागद कड्याजवळ धरला. फिरव हात, म्हणाला. तिनं फिरवला. वेलीचं पान पानाला जुळलं. तो खुर्चीत मागं टेकला.

"बरोबर आहे. दागिन्याचीच नक्षी आहे. याला सोडतो."

मी दादाकडं बघून हसलो. मग फौजदार म्हणाला, "कडं काढून द्या. वर दाखवायला वस्तू लागते. नुसत्या माझ्या शब्दावर हे कागद मिटणार नाहीत. नोटा पण जमा होतील."

तेल लावलं, साबण लावला. वहिनीचा हात लाल झाला, कडं हाडावरून पुढं सरकेना. शिपाई म्हणाला, कापा. चावडीबाहेर बाया जमल्या होत्या, त्या एकदम ओरडल्या. सवाष्णीच्या हातातली चांदी नवरा गेल्यावरच कापतात आमच्याकडे. जित्या नवऱ्यासमोर नाही.

मी फौजदाराला म्हणालो, "साहेब, हात दखी लिना ना तुमी? आते काय हात तोडी ली जातस का?" शिपायानं मला भिंतीवर ढकललं. मी पुन्हा उठलो. वहिनी म्हणाली, "मगन, बठ."

मोतीलाल पंच म्हणून उभा होता. हळूच म्हणाला, "पितांबर, दुसरा सोनार बलावू का? तू नको करू."

दादानं मान हलवली. "दुसराना हात नही लागाऊ." त्यानं दुकानातून करवत आणवली. बारीक, तारेसारखी. तिच्या मनगटाखाली कापडाची घडी घातली, कड्याखाली चामड्याचा तुकडा सरकवला. जिथं वेल नव्हती अशी जागा शोधत त्यानं कडं फिरवलं, दोनदा फिरवलं. तशी जागा ठेवलीच नव्हती त्यानं.

वहिनी म्हणाली, "काप. वाट नको दखू."

त्यानं कापलं. चांदीचा भुगा कापडावर पडला. कोणी रडलं नाही. वहिनी हात चोळत बघत राहिली, तिथं कातडी पांढरी पडली होती. फौजदारानं कडं कागदात गुंडाळलं, नोटा पाकिटात घातल्या, वर मोतीलालची सही घेतली. दादा सुटला.

कडं परत मिळेल असं म्हणाले होते. मी दोनदा धुळ्याला जाऊन आलो. पहिल्या वेळी साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी म्हणाले, खटला चालू आहे. तिथं शिवी दिली म्हणून मला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं.

दादा दुकानात बसतो. जोडवी करतो, नथीचे फासे दुरुस्त करतो. नक्षीचं गिऱ्हाईक आलं की पलीकडच्या दुकानाकडं बोट दाखवतो. दिवाळीच्या आधी त्यानं वहिनीच्या मनगटाचं माप दोऱ्यानं घेतलं आणि नवं कडं घडवलं. कोरं. वहिनीनं ते उलटसुलट बघितलं.

"हाई नही घालाऊ मी," म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि फडक्यात बांधून ठेवलं.

गल्लीतल्या दोघीतिघी तिला आता हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. ती विचारत नाही.

मी परवा त्याला म्हणालो, "दादा, तुले राग बी येत नही का रे?"

तो कोळशावर फुंकर घालत होता. निखारे लाल झाले तशी फुंकणी खाली ठेवली.

"येत व्हई," म्हणाला. "माले मालूम पडत नही."

मी आणखी काहीतरी बोलणार होतो, पण नावेवरचा माणूस हाका मारत होता. मी टांग्याकडं गेलो.